पाळीच्या पहिल्या दिवशी कळा आणि मळमळ: पोटाला दाब नको, जागा हवी

प्रश्न विचारणारी मुलगी २१ वर्षांची आहे, कोल्हापुरात होस्टेलवर राहून शिकते. तिने लिहिलंय ते थोडक्यात असं: पाळीच्या पहिल्या दिवशी सकाळपासून ओटीपोटात कळा येतात, कंबर आणि मांड्या भरून येतात, दुपारपर्यंत दोन-तीन उलट्या होतात. गोळी घेतली तर तीही उलटून पडते. व्हिडिओ बघून पवनमुक्तासन आणि कपालभाती केलं, तर मळमळ आणखी वाढली. आई म्हणते पाळीत आसनं करायचीच नाहीत. मग मी नेमकं काय करू?

तुझ्या आईचं निम्मं बरोबर आहे आणि व्हिडिओवाल्यांचंही निम्मं बरोबर आहे. पवनमुक्तासनाने काहींना बरं वाटतं, पण ज्यांचं फक्त पोट दुखतं त्यांना. ज्यांना मळमळतं त्यांच्या पोटावर मांड्या दाबल्या की आतलं सगळं वर येतं. कपालभातीत तर पोटाला हिसके बसतात. ते पाळीच्या दिवसांत कुणीच करू नये, मळमळ असो वा नसो.

मी पुण्यात २६ वर्षं बायका-मुलींना आसनं शिकवते आहे. सुरुवातीला हीच चूक माझ्याकडूनही झाली. एका मुलीला पहिल्या दिवशी मी पश्चिमोत्तानासनात बसवलं, कारण पुढे वाकण्याची आसनं पाळीत शांत करतात असं मी शिकले होते. दोन मिनिटांत ती तोंडावर हात धरून बेसिनकडे पळाली. परत आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते आणि कपाळावर घाम होता. त्या दिवसापासून पाळीतल्या मुलीला मी आधी एकच विचारते: मळमळतंय का? ‘हो’ म्हणाली तर पुढचा सगळा क्रम बदलतो.

आत काय चाललंय ते कळलं की हा क्रम का बदलतो तेही कळेल. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक एकदम खाली येतं, गर्भाशयाचं अस्तर सुटायला लागतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो. अस्तर बाहेर पडायला तेवढं आवळणं लागतंच. पण ही द्रव्यं जास्त झाली की स्नायू इतका आवळतो की त्याचा स्वतःचाच रक्तपुरवठा मधूनमधून कमी पडतो, आणि तेव्हा कळ येते. हीच द्रव्यं रक्तात मिसळून अंगभर जातात, आतड्यांवरही परिणाम करतात. म्हणून मळमळ, उलटी, पातळ शौच, डोकं दुखणं, सगळं एकाच दिवशी. तुझी उलटी रात्री मेसमध्ये खाल्लेल्या रश्शामुळे नाही आणि ‘पित्त झालं’ म्हणूनही नाही. कळा आणि उलटी या एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत. बहुतेकींना हे पाळी सुरू होताना किंवा आधी काही तास सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं.

आसनांनी ही द्रव्यं थांबत नाहीत. थांबतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. आसनांचं काम वेगळं आहे. कळ आली की आपण न कळत पोट आत ओढून धरतो, दात आवळतो, श्वास छातीत अडकवतो, मांड्या एकमेकींना चिकटवतो. पाय पोटाशी घेऊन मुटकुळं करून पडून राहतो. दहा मिनिटांसाठी ते ठीक, पण चार तास तसं राहिलं की कंबर आणि जांघा ताठरतात, आणि मूळ कळेवर या आखडण्याचं दुखणं चढतं. शिवाय पोट दबलेलं राहतं, म्हणून मळमळही हटत नाही. हे दुसरं दुखणं आपण नक्की काढू शकतो. त्यासाठी पहिल्या दिवशी आसन ‘करायचं’ नसतं. शरीर नीट मांडून ठेवायचं आणि स्वस्थ पडायचं. छाती थोडी उंच, पोट मऊ आणि रुंद, जांघा मोकळ्या, डोकं टेकलेलं.

यासाठी सगळ्यात उपयोगी आसन म्हणजे आधार घेऊन केलेलं सुप्त बद्धकोनासन. वर्गात आम्ही लोड, ब्लँकेट, पट्टा वापरतो. होस्टेलवर ते कुठून आणणार? गोधडी, चादर, ओढणी, उशी आणि दोन जाड पुस्तकं, एवढ्यात होतं. गोधडी आणि चादरीची मिळून एक लांबट घडी घाल. कंबरेपासून डोक्यापर्यंत पुरेल इतकी लांब, पाठीपेक्षा जरा अरुंद, आणि चांगली वीतभर नाही तरी पाऊण वीत जाड. तिच्या डोक्याकडच्या टोकाखाली पुस्तकं सरकव, म्हणजे उतार तयार होईल. मळमळत असताना हा उतार महत्त्वाचा. सपाट झोपलीस तर घशाशी येत राहील.

आता घडीच्या खालच्या टोकाला पाठ करून जमिनीवर बस, कड कंबरेला टेकेल इतकी जवळ. तळपाय एकमेकांना लावून गुडघे बाजूला सोड. ओढणी मागून माकडहाडाच्या वरून घे, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूने पुढे आण, पावलांखालून ने आणि गाठ मार. ती घट्ट नको, पण पाय पुढे घसरले नाही पाहिजेत. दोन्ही मांड्यांखाली कपड्यांच्या घड्या ठेव. हे टाळू नकोस. आधार नसला की गुडघे लोंबतात, जांघेत ताण येतो आणि पोट लगेच पुन्हा आवळलं जातं. मग हात टेकत सावकाश मागे आडवी हो. डोक्याखाली उशी अशी की कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहील. हात बाजूला, तळवे वर. कंबरेत कळ मारली तर घडीपासून दोन बोटं पुढे सरक.

पहिली दोन-तीन मिनिटं काहीच वाटणार नाही. ओटीपोटावर हलका हात ठेवलास तर ते ताणलेल्या डफासारखं लागेल. वर्गात मी बाजूला बसून बघते, साधारण पाच-सात मिनिटांनी बेंबीच्या खालचा भाग श्वासाबरोबर थोडासा हलायला लागतो, मग जबडा सुटतो, आणि बऱ्याचदा त्याच वेळी एक मोठा सुस्कारा येतो. तिथून पुढे शरीर आपलं आपण सैल होतं. दहा ते पंधरा मिनिटं राहा, बरं वाटत असेल तर वीस. उठताना पोटाच्या जोराने उठू नकोस. हातांनी गुडघे जवळ आण, ओढणी सोडव, कुशीवर वळ, मिनिटभर तशीच पड आणि मग हातावर जोर देऊन बस.

डोळ्यांचंही सांगते. काहींना डोळ्यांवर मऊ कापड ठेवलं की मळमळ पटकन उतरते. काहींना डोळे मिटले की गरगरतं. तसं झालं तर डोळे उघडे ठेवून छतावरच्या एका ठिकाणी नजर ठेव, मात्र फिरत्या पंख्याकडे नाही. आणि त्या अवस्थेत मोबाइल अजिबात नको. सरकणाऱ्या पडद्याने मळमळ वाढते.

नुकतीच उलटी झाली असेल तर लगेच आडवी होऊ नकोस. चूळ भर, पाण्याचे दोन घोट घे आणि वीस-तीस मिनिटं खुर्चीत बसून राहा. समोर टेबलावर दोन उश्या ठेव, त्यावर हातांची घडी आणि हातांवर कपाळ. उश्या पुरेशा उंच हव्यात, म्हणजे पोट दुमडणार नाही, पाठ लांब राहील. पुढे टेकण्याचा आराम मिळतो आणि पोटही दबत नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीला मी पश्चिमोत्तानासनाऐवजी तेव्हाच हे द्यायला हवं होतं.

मळमळ गेली, पण कंबर आणि मांड्या भरलेल्याच आहेत, असं दुपारनंतर होतं. तेव्हा पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेव, गुडघे काटकोनात. कंबर आपोआप जमिनीला लागते. दहा मिनिटं पुरे. बद्धकोनासन आणि उपविष्टकोनासन, म्हणजे पाय फाकवून बसणं, दोन्ही भिंतीला पाठ टेकून आणि बुडाखाली उशी घेऊन कर. पुढे वाकू नकोस, नुसती ताठ बस. जांघा मोकळ्या झाल्या की मांड्यांतली ओढ कमी होते.

आमच्या पुण्यात मॉडेल कॉलनीत रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था आहे, १९७५ साली सुरू झालेली. तिथे योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांच्या कन्या गीताताई अय्यंगारांनी बायकांच्या पाळीसाठी, गरोदरपणासाठी, पाळी जाण्याच्या काळासाठी वेगवेगळे आसनक्रम बसवले आणि २०१८ मध्ये जाईपर्यंत शिकवले. पाळीत साधनांचा आधार घ्यायचा, पोट आवळायचं नाही, ही शिस्त माझ्यासारख्या कितीतरी शिक्षिकांपर्यंत तिथूनच आली. त्या पद्धतीत पाळीतही एक उभं आसन देतात: भिंतीला पाठ लावून, हाताखाली वीट घेऊन अर्धचंद्रासन. एक पाय वर उचललेला असताना ओटीपोट इतकं रुंद होतं की कळ चालू असतानाही मुली म्हणतात, ‘आत्ता मोकळं वाटलं’. पण तुला ते येत नसेल तर पहिल्या दिवशी शिकायला जाऊ नकोस. चक्कर येत असेल तर येणाऱ्यांनीही करू नये.

श्वासाचं सोपं ठेव. खोल पोटाने श्वास घेण्याची धडपड करू नकोस, मळमळीत ती त्रासच देते. नाकाने सहज आत घे, मनात तीनपर्यंत मोज, आणि पाचपर्यंत मोजत सोड. श्वास कोंडून धरायचा नाही. थोडं सावरल्यावर भ्रामरी कर, म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोड, पाच-सात वेळा, बारीक आवाजात. कळ येते त्या क्षणी बाहेर जाणारा श्वास लांबव. कळ लाटेसारखी येते आणि ओसरते. ती चढत असताना श्वास सोडत राहिलीस तर पोट आवळायला सवड मिळत नाही. हे पहिल्याच वेळी जमत नाही, म्हणून एरवीच्या दिवसांत रोज झोपताना पाच मिनिटं सराव ठेव.

आसनाच्या जोडीने शेक घे. सुप्त बद्धकोनासनात ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवता येते, पण पंच्यात गुंडाळून आणि हलकी, अर्धीच भरलेली. तुडुंब भरलेली पिशवी म्हणजे पुन्हा पोटावर दाबच. नुसत्या कातडीवर ठेवू नकोस. भाजून काळे डाग पडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पिशवी नसेल तर ओवा भाजून फडक्यात बांधून शेक. खाण्याचं म्हणशील तर रिकामं पोट मळमळ वाढवतं आणि भरलेलंही वाढवतं. साळीच्या लाह्या, कोरडा टोस्ट, थोडी मऊ भाताची पेज, असं दर दीड-दोन तासांनी चमचा-दोन चमचे. आल्याचा लहान तुकडा मीठ लावून चघळ. चहा त्या दिवशी कमी.

गोळीबद्दल. योगशिक्षिकेने गोळ्या सांगू नयेत, आणि मी सांगत नाही. पण ‘योग करतेस ना, मग गोळी कशाला’ असंही मी कधी म्हणणार नाही. पाळीच्या दुखण्यावर डॉक्टर बहुधा मेफेनामिक अॅसिड किंवा आयबुप्रोफेन देतात, कारण त्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. म्हणूनच उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी वाया जाते. ती सुरुवातीलाच, काहीतरी खाऊन घ्यायची असते. डॉक्टरांना ‘माझी गोळी उलटून पडते’ हे स्पष्ट सांग, ते वेळ बदलतील किंवा मळमळीचं औषध जोडतील. मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नकोस. पोटात अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना या गोळ्या धोक्याच्या आहेत. शिवाय मेफेनामिक अॅसिडमुळे क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, असा इशारा औषधांच्या दर्जावर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला होता. गोळीनंतर पुरळ उठलं तर ती थांबवून लगेच दाखव.

आता आईचं म्हणणं. ‘पाळीत आसनं नकोत’ यामागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक विश्रांती, ती खरी आहे. आमच्या आज्या बाजूला बसायच्या, शिवाशिवीचा जाच सोसायच्या, आणि तरी काहींना महिन्यात तेवढेच चार दिवस पाठ टेकायला मिळायचे. विश्रांती ठेवायची, शिवाशिव सोडायची. माझ्या वर्गात पाळी आलेली मुलगी घरी बसत नाही. ती येते, तिच्यासाठी खिडकीजवळ लोड मांडलेला असतो, आणि बाकीच्या उभी आसनं करत असताना ती तिथे पडून असते. दुसरी गोष्ट शीर्षासन, सर्वांगासनाची. रक्तस्राव चालू असताना ही करायची नाहीत, असं आमची परंपरा सांगते. त्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण शरीर खाली सोडत असताना त्याला उलटं टांगण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. मी ते चार दिवस ही दोन्ही देत नाही. धनुरासन, नौकासन, पोट पिळणारी आसनं, सूर्यनमस्कार, तेही नाही.

यापुढचा भाग मन लावून वाच. मला तो लिहिताना आजही वाईट वाटतं. एक तिशीतली बाई माझ्याकडे पाळीच्या दुखण्यासाठी यायची. आसनांनी तिला थोडा आराम पडायचा, म्हणून मी आणखी आसनं द्यायचे. आठ महिने गेले. मग एकदा ती सहज म्हणाली की शौचाला बसताना पण कळ येते, आणि आता पाळी संपल्यावरही दुखतं. तेव्हा मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. एंडोमेट्रिओसिस निघालं. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, तो आजार. जगभरात पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना तो असतो, आणि निदान व्हायला अनेकदा वर्षं जातात, कारण सगळेच म्हणतात, ‘पाळीत दुखतंच’. त्या आठ महिन्यांत मीही न म्हणता तेच म्हणत होते.

म्हणून आता नव्या मुलीला लोड मांडून देण्याआधी विचारते. दुखणं वर्षागणिक वाढतंय का? पाळी नसतानाही दुखतं का? शौचाला, लघवीला, किंवा संबंधाच्या वेळी दुखतं का? तास-दोन तासांत पॅड भिजतं का, मोठ्या गाठी जातात का? ताप येतो का, भोवळ येऊन पडलीस का? आधी त्रास नव्हता आणि पंचविशीनंतर नव्याने सुरू झाला का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर आधी तपासणी, मग आसनं. पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोराची कळ आली तर एक तासही थांबायचं नाही, सरळ दवाखाना. आणि तुझ्या बाबतीत: दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी कमी होत असेल, तर सलाईनची वेळ आली आहे असं समज. शिवाय एकदा हिमोग्लोबिन तपासून घे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. पाळीत चक्कर येते, हातपाय गार पडतात, त्यामागे पुष्कळदा तोही असतो.

तपासणीत सगळं ठीक निघालं तर खरं काम उरलेल्या पंचवीस दिवसांत आहे. व्यायाम आणि पाळीचं दुखणं यावर झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये आढावा घेतला. त्या चाचण्या फार भक्कम नाहीत, पण त्यांचा कल असा की आठवड्यातून तीन वेळा, पाऊण ते एक तास व्यायाम केला तर दुखणं बरंच कमी होतं. त्यात योगही होता, चालणं-पळणंही होतं. म्हणजे पहिल्या दिवशी अर्धा तास लोडावर पडण्यापेक्षा महिनाभर नियमाने हलणं जास्त मोलाचं.

स्राव पूर्ण थांबला की दोन दिवस भिंतीला पाय लावून विपरीत करणी कर, बाकी हलकंच. मग दोन आठवडे जोमाने: त्रिकोणासन, वीरभद्रासन, पार्श्वकोनासन, अर्धचंद्रासन, अधोमुख श्वानासन, सूर्यनमस्कार आवडत असतील तर तेही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात जोर कमी कर आणि जांघा, ओटीपोट मोकळं करणारी आसनं वाढव: उपविष्टकोनासन, सुप्त बद्धकोनासन, आधारावर सेतुबंध सर्वांगासन. सुप्त वीरासन फार गुणाचं आहे, पण गुडघा दुखत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नकोस, आणि ते कुणीतरी समोर बसून शिकवल्याशिवाय करू नकोस. ती गोधडीची मांडणी या आठवड्यात दोन-तीनदा करून ठेव. कळा चालू असताना ओढणी कुठून कुठे घ्यायची हे शोधत बसलीस तर वैताग येईल.

कालनिर्णयवर पाळीची तारीख लिहितेसच, त्याच चौकटीत दोन आकडे आणखी लिही: दहापैकी किती दुखलं, आणि उलट्या किती झाल्या. तीन पाळ्यांचे आकडे झाल्याशिवाय काही ठरवू नकोस. माझा अनुभव असा की आधी उलट्या कमी होतात, कळा मागाहून. तिसऱ्या महिन्यातही आकडा होता तिथेच असेल, तर ते पान घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. ‘खूप दुखतं’ एवढंच सांगण्यापेक्षा ते तीन आकडे समोर ठेवलेस तर पुढची तपासणी लवकर होईल.